साठांची राखण

दादा, मी निघाले त्या दिवशी संगमेश्वरच्या स्टँडवर आईनं माझी बॅग पुन्हा उघडली होती, आठवतंय ना? मुंबईची गाडी लागलेली, कंडक्टर ओरडतोय, आणि आई फलाटावर बसकण मारून तुझ्या भावोजींचे लोकरीचे स्वेटर बाहेर काढतेय, त्या जागी कुळथाचं पीठ कोंबतेय. "थंडी काय, सोसवते. पोटाला आपलं नको?" स्वेटर तुझ्या हातात राहिले नि गाडी सुटली. लग्नाला महिनाच झाला होता, म्हणून हे काही बोलले नाहीत. पण इंग्लंडातला पहिला आठवडा त्यांनी माझी शाल गुंडाळून काढला, आणि पुढे कितीतरी वर्षं कुळथाची पिठी पानात आली की म्हणायचे, "हा माझा स्वेटर."

आता हे नाहीत. मुलगा नोकरीच्या गावी असतो, फोन नेमानं करतो, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण रविवार खायला उठतो. मग मी गाडी काढते आणि इथली फार्म शॉप पालथी घालत हिंडते. शेतावरच दुकान असतं, मालकीण स्वतः गल्ल्यावर. अंडी, मध, चीज, माती लागलेली गाजरं. शेजारी टी रूम. मी एक चहा आणि एक स्कोन, म्हणजे इथला गोडसर पाव, घेऊन बसते. थोड्या वेळानं कोणीतरी येऊन समोरच्या खुर्चीला हात लावतं, "ही नेली तर चालेल ना?" मी चालेल म्हणते. न चालून सांगते कोणाला!

त्या दुकानांत मी काही वस्तूंसाठी जात नाही. चीज तर मला अजून धड आवडत नाही. पण अमुक मेंढ्या त्या टेकडीवरच्या, यंदा पाऊस जास्त म्हणून मध पातळ, असं कोणी आपल्या मातीबद्दल बोलायला लागलं की मी ऐकत उभी राहते. गावात सड्यावरनं खाली येताना बाबा असंच बोलायचे, झाड न् झाड ओळखीचं असल्यासारखे.

अशाच एका दुकानातल्या मधवालीकडे पाटी होती, बरणी धुऊन परत आणा. मी बरणी धुतली, पुसली, आणि मला ती रिकामी उचलवेना. शेजारच्यांचं भांडं परत द्यायचं असलं की आई ओरडायची, "रिकामं धाडू नये गो, निदान चार आमसुलं तरी घाल." मी लिंबाचं लोणचं भरून नेलं. मधवालीनं झाकण उघडलं, वास घेतला आणि तिचा चेहरा लाल झाला. घरी केलेलं काही दुकानात घेता येत नाही, नियम आहेत, असं तिनं तीन वेळा सॉरी म्हणत सांगितलं आणि बरणी अलगद माझ्याच पिशवीत ठेवली. रागवावं असं तिनं काहीच केलं नव्हतं. मी गाडीत बसून नुकत्याच घेतलेल्या पावाबरोबर ते लोणचं खाल्लं. बरं मुरलं होतं.

मग मे महिन्यात मी गावी आले. आई-बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. तू हायवेला लागून घराच्या पुढच्या अंगणात दुकान काढलंस, ते फोनवर कळलं होतं. डोळ्यांनी बघून अभिमान वाटला. आमसुलं, कोकमाचं आगळ, फणसपोळी, आंब्याची साठं, कुळथाचं पीठसुद्धा चकचकीत पाकिटात. बाजूला चहाची टपरी नि दोन बाकडी. गोव्याला निघालेल्या गाड्या थांबत होत्या. मनात म्हटलं, चला, हे आपलं फार्म शॉप. इथं तरी मी गिऱ्हाईक नाही.

पण गावात जो भेटेल तो एकच विचारी, "किती दिस हायस?" कधी आलीस, असं कोणी विचारलंच नाही. आणि वहिनी! नवी नवरी होऊन आली तेव्हा आम्ही विळीवरून, आरशावरून कडाकडा भांडलेल्या. "बाय" म्हणून मला हाक मारायची नि जात्यावर बसवायची. आता तिनं माझ्यासाठी नवी चादर काढली आणि बोलायला लागली, "ताई, तुम्ही बसा." भांडी घासू? तुम्ही बसा. पाकिटं भरू? तुमचे हात खराब होतील. बसून बसून मला पाठदुखी लागली.

शेवटी हट्टच धरला, तेव्हा मागच्या अंगणातल्या साठांची राखण मिळाली. ताटांत आटवलेला रस पसरून उन्हात ठेवलेला, वर फडकी, आणि माझ्या हातात वानरं हाकायची काठी. राज्य मिळाल्यासारखी बसले होते. तेवढ्यात पुण्याचं एक जोडपं फोटो काढत मागे आलं. हे कसं करतात हो काकू, म्हणाले. झालं! माझ्या अंगात ती मधवालीच शिरली. हा रायवळ आंब्याचा रस, तो तिकडच्या झाडांचा, एक थर वाळला की वर दुसरा, यंदा ऊन कसं, अगदी रंगून सांगत होते. काठी मांडीवर. मागे फणसावरून वानरं उतरली. मी वळले तेव्हा एक ताट मातीत पालथं होतं, आणि दुसऱ्यातलं साठ अख्खं सोलून नेऊन एक हुप्प्या कौलांवर बसून खात होता.

वहिनी पळीसकट धावत आली. "डोळे कुठं होते गो तुजे? आठ दिस थरावर थर घातलेत मी! येवढी म्हातारी झालीस, येक काठी धरवत नाय? गप्पा मारायला बसवली होती काय तुला? उचल ती ताटं आधी!" पाहुणं जोडपं केव्हाच पसार झालं. मी ओणवी होऊन ताटं उचलत होते, हात बरबटलेले, आणि खरं सांगते दादा, इतकी सुखात मी कित्येक वर्षांत नव्हते. आई गेल्यापासून मला कोणी असं झाडलं नव्हतं. मी तिला उलट उत्तर देणारच होते, अगदी तोंडाशी आलं होतं.

तेवढ्यात तू दुकानातून आलास. "अगो, पाहुण्या माणसाला असं बोलतात काय?"

 वहिनीनं पळी खाली ठेवली, माझ्या हातातली ताटं काढून घेतली. "चुकलं माजं, ताई." तिच्या एवढ्या ओरडण्यानं न आलेलं रडू मला त्या ‘ताई’नं आलं. तुला वाटलं, वहिनीनं रडवलं. तू तिला आणखी बोललास आणि मी ते ऐकत उभी राहिले.

तू मायेनंच बोललास, ते कळतं मला. पण इथल्या माझ्या घरी, माझ्या रस्त्यावर, दुकानात, सगळे माझ्याशी फार चांगलं बोलतात रे. दिवसभर सॉरी आणि थँक्यू. चुकलं तर हक्कानं ओरडेल असं माणूस आता जगात बहुधा एकच उरलंय, आणि ते तुझ्या घरात आहे. पुढच्या मे महिन्यात मी येईन. माझ्याकडून काही सांडलं, मोडलं, वानरांनी नेलं, तर तू दुकानातून उठून येऊ नकोस. तिला बोलू दे.