पत्र्यावरची थाप

गयेला सासऱ्यांचे पिंड देऊन आम्ही सुरतेला परत येत होतो, त्यातला हा शेवटचा दिवस. टेम्पो जेठांचा, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचा होता. एरवी त्यातून साड्यांचे गठ्ठे जायचे. त्या मे महिन्यात मागच्या बाजूला चिंध्यांच्या गाद्या टाकून आम्ही बायका बसलो होतो. सासूबाई, मोठी जाऊ, मी आणि माझी मुलगी. पुढे जेठ गाडी चालवत आणि त्यांच्या शेजारी माझे मालक. मागचं बोलणं पुढे ऐकू जात नसे. म्हणून जेठांनी निघतानाच ठरवून दिलं होतं, केबिनच्या पत्र्यावर एक थाप मारली की थांबायचं, दोन मारल्या की निघायचं. त्या दिवसापर्यंत जाता-येता सगळ्या थापा जाऊबाईंनीच मारल्या होत्या.

लग्न झाल्यापासून मी जेठांसमोर बोललेली नव्हते. आमच्या खान्देशात धाकट्या सुनेनं बोलायचं नसतं. पदर पुढे घ्यायचा आणि काही सांगायचं असलं तर जाऊबाईंच्या तोंडून सांगायचं. जाऊबाई मला हसायच्या. म्हणायच्या, गयेच्या पंड्यालासुद्धा वाटलं असेल, यांनी एक मुकी बरोबर आणली आहे.

सकाळी साक्रीकडच्या आमच्या गावात थांबलो. सासऱ्यांच्या मागे सासूबाई आता सुरतेला आमच्याकडे राहतील असं सगळे धरून चालले होते. पण त्या आपल्या ओट्यावर जाऊन बसल्या आणि येत नाही म्हणाल्या. घरात दिवा कोण लावील, म्हणाल्या. जेठांनी समजावलं, मालकांनी समजावलं. मग त्यांनी माझ्या मुलीचा हात धरला.

“पोरले आठेच ऱ्हाऊ द्या. माले सोबत व्हई.”

मुलगी त्या वर्षी चौथी पास झाली होती. गावातली शाळा चौथीपर्यंतच. पाचवीसाठी नदीपलीकडच्या गावाला जावं लागे आणि तिकडे मुलींना कोणी पाठवत नसे. हे मला कोणी सांगायला नको होतं. माझी शाळा अशाच एका गावात चौथीला संपली.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्टोव्ह फडक्यात बांधत होते, तो बांधत राहिले. जेठ म्हणाले, दोन-तीन वर्षं राहील, बिघडलं काय. मी काही बोलले नाही, तेव्हा ते ठरलं. मुलीनं एवढंच विचारलं की तिच्या कपड्यांचं गाठोडं कोणतं. टेम्पो निघाला तेव्हा ती सासूबाईंच्या शेजारी उभी होती. तिनं हात हलवला नाही. मीही नाही.

तिच्या जागेवर गादी दबलेली होती. जाऊबाईंनी तिथे गंगेचा तांब्या ठेवला, म्हणजे कलंडणार नाही. मग त्या घरी गेल्यावर काय रांधायचं ते बोलत राहिल्या. मी हूं हूं करत होते. मला रडू येत नव्हतं. पाय बधिर होतात तसं सगळंच झालं होतं.

कोंडाईबारीचा घाट उतरला आणि नवापूर यायच्या आधी मी पत्र्यावर थाप मारली. मारायची असं ठरवलं नव्हतं. पत्रा उन्हानं तापलेला होता, तळहात भाजला, तेव्हा कळलं की मारली.

टेम्पो थांबला. जेठ उतरून मागे आले आणि जाऊबाईंना विचारलं, काय झालं. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर पुढे ओढला होता.

“तिला जायचंय,” जाऊबाई म्हणाल्या.

जेठ लगेच पाठ फिरवून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले. मी खाली उतरले. सागांची पानं झडलेली होती, आडोसा मिळायला बरंच आत जावं लागलं. तिथे मला काहीच करायचं नव्हतं. बुंध्यावरून मुंगळे चालले होते, ते बघत उभी राहिले. मग परत आले. जाऊबाईंनी हात देऊन वर ओढलं आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या.

सोनगड गेलं, व्यारा गेलं. बारडोलीच्या बाजूला उसाची शेतं लागली. जाऊबाईंनी आंबा दिला, मी खाल्ला. सुरतेत आमच्या गोडादऱ्यात शिरलो तेव्हा दिवस कलला होता आणि गल्लीगल्लीत मागांचा खडखडाट चालू होता.

दारात शेजारच्या मावशी पाण्याचा तांब्या आणि भाकरी घेऊन उभ्या होत्या. लांबच्या प्रवासाहून आलेल्याच्या पायांवर पाणी घालायचं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा आणि मगच आत घ्यायचं, ही आमची रीत. मावशींनी माणसागणिक तुकडे मोडून ठेवले होते. जेठांना ओवाळलं, मालकांना, जाऊबाईंना, मला. ताटलीत दोन उरले.

“आणि पोर कुठे?” मावशींनी विचारलं. “झोपली का गाडीत?”

जाऊबाई सांगायला लागल्या की सासूबाई गावातच राहिल्या, त्यांना सोबत म्हणून तिला तिकडेच ठेवली.

“तिची शाळा सोमवारी उघडते,” मी म्हणाले.

आवाज मोठा निघाला. जेठ समोरच उभे होते. मालक पाय पुसत होते, ते थांबले. जेठांनी माझ्याकडे पाहिलं नाही, जाऊबाईंकडे पाहिलं.

“तिले इचार, नवापूरले काबरं नही सांगं?”

जाऊबाईंनी विचारलं नाही. मी तिथेच तर उभी होते. जेठांनी टेम्पोच्या चाकातली हवा दाबून पाहिली. मग मावशींना म्हणाले, “त्या पोरना तुकडा ऱ्हाऊ द्या. सकायमां जाई येसू.”

मला आनंद झाला असं सांगता येणार नाही. मी आत गेले, कोंडलेली खोली उघडली आणि डाळ-तांदूळ शिजत टाकले.

मुलगी आली. शाळा उघडायच्या आत आली. मावशींनी तिला त्याच वाळलेल्या तुकड्यानं ओवाळलं. सासूबाई गावात एकट्याच राहिल्या, शेवटपर्यंत. आम्ही जायचो तेव्हा त्या मुलीला जवळ घेऊन तिचा अभ्यास विचारायच्या. त्या दिवसाबद्दल मला कधी काही बोलल्या नाहीत.