अक्काचं यंत्र आणि माझी वाटी

अक्का अमेरिकेहून पहिल्यांदा आली ती एक यंत्र घेऊन. साड्या, साबण, अत्तर आणलं असतं तर मी काय ते एकदा पोटभर जळून मोकळी झाले असते. पण तिनं पेटीतून काढला एक लांब दांडा, खाली ताटलीएवढी चकती आणि कानाला लावायचे दोन डबे. जमिनीत धातू असला की ते कानात कुंईकुंई करायचं.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. आम्ही दोघी बहिणी मोताळ्याच्या. थोरलीला इंजिनीअर मिळाला आणि ती विमानात बसली. मला संग्रामपूरकडचं शेतकऱ्याचं घर मिळालं आणि मी बैलांच्या दमणीत बसले. तिच्या वाट्याला समुद्र आला, माझ्या वाट्याला पूर्णा नदी.

ती माझ्या सासरी भेटायला आली तेव्हा तिनं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा उघडून ओसरीवर मांडला. आत अंगठ्या, कानातली, कुठल्या कुठल्या देशांची नाणी. सुट्टीत ती आणि भाऊजी परदेशातल्या कुठल्याशा किनाऱ्यावर जायचे, लोक पोहताना दागिने हरवायचे आणि अक्का वाळूत हे यंत्र फिरवून ते वेचायची. "फिरायचं फिरणं होते, अन् सोनं भेटते," ती म्हणाली. सासूबाई डोळे विस्फारून ऐकत होत्या. मी शेतातून येऊन चहा टाकला, दूध उतू गेलं, तरी माझ्याकडं कोणी पाहिलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. लोकांचं हरवलेलं सोनंसुद्धा हिलाच सापडावं!

त्यात माझं दुखणं वेगळंच होतं. आमच्याकडं डोरल्यात दोन वाट्या, एक सासरची, एक माहेरची. अक्काच्या सासरच्यांनी दोन्ही वाट्या आपल्याच घातल्या होत्या, माहेरचं काही नको म्हणाले. माझ्यासाठी मात्र आईनं स्वतःच्या गळ्यातल्या सोन्याच्या पुतळ्या मोडून वाटी केली, कडेला बारीक जवाची नक्षी. अक्काकडं नाही आणि माझ्याकडं आहे अशी जगात तेवढी एकच वस्तू होती. आणि ती मी पूर्णेत घालवली होती. वाकळा धुताना पोत तुटली, मणी हाती लागले, सासरची वाटी लागली, माहेरची गेली.

डोरल्यातली वाटी हरवणं म्हणजे नवऱ्याच्या जिवाला अपशकुन. सासूबाईंना सांगायची सोय नव्हती. बाजारातून मुलाम्याची वाटी आणली आणि ओवली. घामानं ती काळी पडायची, मग मी चोरून चिंचेनं घासायची. इकडं गव्हाची चाळणी घेऊन नदीवर जायचं आणि वाळू चाळायची. कोणी विचारलं तर शेंगदाणे भाजायला बारीक वाळू पाहिजे. सासूबाई एकदा म्हणाल्या, "घरात दाणे मूठभर अन् वाळू पोतंभर, काऊन वो सूनबाई?"

म्हणून यंत्र पाहिल्याबरोबर माझ्या मनात आलं ते एवढंच, की एक सकाळ ते मला एकटीला मिळावं. पण मागायचं कसं? मागितलं की कारण सांगायला हवं, आणि कारण सांगितलं की अक्का ती कीव करणारी मान वाकडी करणार. मी दोन दिवस गिळून बसले. तिसऱ्या दिवशी अक्का स्वतःच म्हणाली, "चाल, तुही नदी पाहू."

अर्धं गाव मागून आलं. धुण्याच्या दगडांपासून पाचपन्नास पावलं खाली, जिथं मी कधी चाळणी लावलीच नव्हती, तिथं अक्काच्या कानात यंत्र ओरडलं. आधी पैसेच निघाले. नदी ओलांडताना माणसं हात जोडून टाकतात ते. अक्का ते रुमालात बांधायला लागली तशा सासूबाई गरजल्या, "बाई, ते नदीले वाहेल हायेत! टाक वापस!" अक्कानं मुकाट्यानं टाकले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग यंत्र पुन्हा ओरडलं आणि तिच्या बोटांत माझी वाटी आली.

"कोणाची वो हे?" बायांनी आपापले गळे चाचपले. मीही चाचपला. सासूबाई म्हणाल्या, "सोनं कोणी वाहत नाही, सोनं हरवते. कोण अवदसा असन, डोरलं हरवून गुमान बसली! जिले सापडलं तिचं."

अक्का माझ्याजवळ सरकली. वाटी मुठीत झाकून हळूच म्हणाली, "आपल्या सोनाराची घडण वाटते गं. तुही तं नाही?"

नुसतं "हाव" म्हणायचं होतं. तेही कानात. तिनं ती गपचूप माझ्या हातात दिली असती, कोणाला कळलंही नसतं. पण मग जन्मभर माझ्या गळ्यातली वाटी तिनं दिलेली झाली असती. माझी एकुलती एक वस्तूही तिचीच.

"माही काऊन असन?" मी म्हणाले. "माही हे काय गळ्यात!"

तिनं माझ्या गळ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग वाटी पदराच्या गाठीत बांधली. आजही कोणी विचारलं तर मी तेच उत्तर देईन.

पुढच्या उन्हाळ्यात आई माझ्याकडं आली ती अक्काचा रंगीत फोटो घेऊन. अक्का गुडघाभर समुद्रात उभी, हातात यंत्र, केस वाऱ्यावर. आणि गळ्यात बारीक साखळीत माझी वाटी. सासूबाईंनी फोटो उन्हात धरून धरून पाहिला. मग आईनं घेतला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला. स्वतःच्या पुतळ्या मोडून केलेली वाटी ती ओळखणार नाही असं कसं होईल? तिनं हळूहळू मान वळवली आणि माझ्या गळ्यातल्या मुलाम्याकडं पाहिलं.

सासूबाई शेजारी बसल्या होत्या, म्हणून असेल. किंवा खरंच तिला तसं वाटलं असेल.

"शोभते हो तिले," आई म्हणाली.