झालं की होईल?

राहुलचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. राहुल म्हणजे सुधाकरभाऊंचा मुलगा. "ताई, भाऊंचं झालं," एवढंच तो म्हणाला. भाऊंच्या ऑपरेशनचं त्या आठवड्यात ठरत होतं, म्हणून मी घाईने विचारलं, "ऑपरेशन झालं? कसे आहेत आता?" त्याने पुन्हा तेच शब्द उच्चारले, सावकाश... "नाही ताई. भाऊंचं झालं." त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. समोर एक मेल अर्धवट लिहिलेला होता. तो मी पूर्ण केला, पाठवला, आणि मग उठले. बाहेर रिक्षात बसल्यावर रडू आलं.

भाऊ सुरतेच्या पांडेसऱ्यात वाढले. त्यांचे वडील धुळ्याकडून येऊन कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये लागले होते, माझेही तसेच, पुढच्या पिढीत. मी मात्र आजीजवळ राहून नवापूरला शिकले आणि बी.एस्सी. होऊन सुरतला आईवडिलांकडे आले. आमच्या घरातली ती पहिली पदवी. वडिलांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली, पण तिचं पुढे काय करायचं हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी बुद्धविहारातल्या ओळखीने ते मला भाऊंकडे घेऊन गेले. उधन्याला साडीच्या गोदामावर दोन खोल्यांचं ऑफिस. मी घाबरून पाठ केलेलं इंग्रजी बोलायला लागले, तर भाऊंनी हात वर केला. "पोरी, घर मा काय बोलतस?" मी म्हटलं, अहिराणी. "मंग तेच बोल. इंग्रजी वाचता येस का?" मी म्हटलं, थोडं थोडं. "मंग बस. बाकीनं व्हई जाई." बाकीचं होऊन जाईल... त्या काळात ‘व्हई जाई’ हा शब्द भाऊ अगदी सहज वापरत असत. माझ्या आयुष्याची सुरुवातच त्या शब्दाने झाली.

आमचं काम घरी समजावून सांगणं अवघड. कुठलीही वेबसाइट एका माणसाने पूर्ण लिहिलेली नसते. फॉर्म भरायचा भाग एकाचा, फोटो दाखवायचा दुसऱ्याचा, असे जगभरातल्या लोकांनी केलेले तयार भाग जोडून ती उभी राहते. यातल्या एखाद्या भागात खोट सापडली की ती एका जाहीर यादीत टाकली जाते, म्हणजे ज्याच्या त्याच्या साइटवर ती दुरुस्त करता यावी. आम्ही वीस-पंचवीस साइटींवर नजर ठेवायचो. यादीत नवी खोट आली आणि ती आपल्या एखाद्या साइटला लागू असली की मेल यायचा, आणि आम्ही त्या साइटवाल्याला कळवायचो. माझ्या वडिलांना भाऊंनी हे एका वाक्यात सांगितलं होतं. "दादा, कोणतं कुलूप खिळ्याने उघडतं ते पेपरात छापून येतं. आम्ही तो पेपर वाचतो आणि मालकाला सांगतो, कुलूप बदला. चोरही तोच पेपर वाचतो." वडील म्हणाले, "मग छापतातच कशाला?" भाऊ खूप हसले. "छापलं नाही तर फक्त चोरालाच माहीत असेल ना!"

त्या साइटींमध्ये एका ट्रस्टची साइट होती. नवऱ्याच्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या बायकांना हा ट्रस्ट सल्ला द्यायचा, खोली मिळवून द्यायचा. बायका साइटवर नाव, नवा पत्ता आणि फोन लिहायच्या. साइट सांभाळायचे शैलेशभाई. भाऊ कॉलेज सोडून मिलमध्ये लागणार होते, तेव्हा त्यांना पहिली नोकरी देणारे हेच शैलेशभाई. एक दिवस त्या साइटच्या फॉर्मवाल्या भागातली खोट जाहीर झाली. भाऊंनी लगेच फोन केला. मी शेजारीच होते. शैलेशभाई म्हणाले, "सुधाकर, थई जशे." होऊन जाईल. आणि भाऊंनी समोरच्या तक्त्यावर त्या साइटपुढे बरोबरची खूण केली.

सुरतेबाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. पण इथे मोठ्या माणसाने ‘थई जशे’ म्हटलं की काम झाल्यातच जमा असतं. माल निघतो, लग्नं ठरतात, दुकानं उघडतात, सगळं या दोन शब्दांवर. पुन्हा विचारणं म्हणजे अपमान. आणि ज्याने आपल्याला उभं केलं त्याला तर कोण पुन्हा विचारणार?

काम झालं नव्हतं. शैलेशभाईंच्या घरी लग्न होतं, ते विसरले. त्या फॉर्ममधली नावं आणि पत्ते कोणीतरी काढून घेतले, आणि ती यादी मोबाइलवरून मोबाइलवर फिरली. कतारगामला खोली घेऊन राहणारी एक बाई होती, साड्यांना टिकल्या लावून पोट भरायची. तिचा नवरा तिच्या दारात पोचला. ती वाचली. पण उजव्या हाताची बोटं तिला आता मिटता येत नाहीत. टिकली चिमटीत धरता येत नाही. नवऱ्याला पत्ता त्या यादीतूनच मिळाला, हे पोलिसांना सिद्ध करता आलं नाही. भाऊंना ते सिद्ध व्हायची गरज वाटली नाही. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. ते एकदा नको त्याच्या हाती गेलेलं आहे.

भाऊ तिला भेटायला गेले होते. परत येऊन एवढंच म्हणाले, "पाणी द्यायला उठली गं ती... डाव्या हाताने."

तेव्हापासून त्यांचा तो प्रश्न सुरू झाला. गुजराती माणसाला, "थई गयुं के थई जशे?" आम्हाला, "व्हई गयं का व्हई जाई?" झालं की होईल? कोणालाही, कशाबद्दलही. राहुलच्या साखरपुड्यात ते आचाऱ्याच्या डोक्यावर उभे, "भात थई गयो के थई जशे?" आचारी वैतागून म्हणाला, "साहेब, तमे बेसो ने!" ऑफिसात पोरं त्यांची नक्कल करायची. ते ऐकून भाऊही हसायचे, पण ‘झालं’ म्हटलेलं काम स्वतः उघडून पाहिल्याशिवाय उठायचे नाहीत. शैलेशभाईंनाही सोडलं नाही. त्या दोघांतला मोकळेपणा त्यात गेला तो गेलाच.

भाऊंना खोकला दोन वर्षांपासून होता. डाइंगच्या वासात वाढलेल्या आमच्या वस्तीत खोकल्याकडे कोण बघतं? भाऊ गेल्यानंतर पुण्यानुमोदनाच्या दिवशी वहिनी स्वयंपाकघरात पातेली पुसत होत्या. मला पाहून त्या एकदम म्हणाल्या, "गावभर इचारेत ना, व्हई गयं का व्हई जाई? मी रोज इचारू, डाक्टरकडे जाणं व्हयनं का? तर माले काय म्हनेत माहीत शे?" मला माहीत होतं. तरी त्यांनी सांगितलंच. "व्हई जाई." आणि पातेलं त्यांनी इतक्या जोराने खाली ठेवलं की बाहेरचे लोक आत डोकावले.

दवाखान्यात मी भाऊंना शेवटचं भेटले तेव्हा ऑक्सिजनची नळी होती, बोलणं तुटक होतं. त्यांनी बोटाने जवळ बोलावलं. मला वाटलं, काही घरचं सांगतील. ते म्हणाले, "ट्रस्टनं... व्हई गयं का?" त्या आठवड्यात ट्रस्टच्या साइटसाठी एक नवा मेल आला होता. मी म्हटलं, "व्हई गयं भाऊ. मी स्वतः उघडून पाहिलं." खरंच पाहिलं होतं. त्यांनी डोळे मिटले.

परवा त्या साइटमध्ये पुन्हा एक खोट निघाली. शैलेशभाईंना फोन केला. भाऊंच्या अंत्ययात्रेत हा माणूस लहान मुलासारखा रडला होता, मी पाहिलं आहे. ते म्हणाले, "बेन, थई जशे." मी विचारलं, "थई गयुं के थई जशे?" ते जरा चिडून म्हणाले, "तू पण?" मी म्हटलं, "हुं लाइन पर छुं, शैलेशभाई." आणि फोन कानाला धरून बसून राहिले. त्यांच्या की-बोर्डचा आवाज येत होता, मध्येच उसासा. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "थई गयुं." मी उघडून पाहिलं. झालं होतं.

भाऊंनी मला पगाराची नोकरी दिली, इंग्रजी वाचायला शिकवलं, माझ्या धाकट्या बहिणीला कॉलेजात घालायला वडिलांना तयार केलं. या सगळ्याचे आभार मी त्यांच्यापाशी कधी मानले नाहीत. ते राहूनच गेलं...

खोटींचे मेल अजून रोज येतात. वर दोघांचे पत्ते असतात, आधी भाऊंचा, मग माझा. त्यांचं नाव त्या यादीतून काढायचं आहे. एका बटणाचं काम. ऑफिसात अधूनमधून कोणीतरी विचारतं, "ताई, भाऊंचं नाव काढलं का?"

मी म्हणते, व्हई जाई.