पहिली भाकरी शेळीची

मायाक्काला चिडलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं, रडताना कोणीच नाही. सांगोल्याकडच्या धनगराची ही लेक मेंढरांमागं चालत मोठी झाली. तिचा आवाज माळरानाच्या मापाचा, आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो मावत नाही. होटगी रोडला आतल्या बाजूला तिचं कडक भाकरीचं केंद्र आहे. सहा चुली, प्रत्येक चुलीला एक बाई, एक चूल स्वतः मायाक्काची, आणि पाकिटं भरायला, दुकानदारांचे फोन घ्यायला मी, ऋतुजा. मी बीकॉम आहे हे मायाक्का येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगते आणि लगेच म्हणते, "भाकरी मातर हिला येत न्हाय." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

कडक भाकरी म्हणजे ज्वारीचीच, पण अगदी पातळ थापायची आणि मंद आचेवर पापडासारखी होईपर्यंत भाजायची. मध्ये जाड राहिली की वातड होते आणि पाकिटात बुरसते. थापणारीचं चित्त थाऱ्यावर नसलं, की नेमकी मध्येच जाड राहते. म्हणून मायाक्काचा कायदा होता: घरचं घरी, चुलीपाशी तोंड बंद.

मागे बचत गटाच्या शिबिराला एक ताई आल्या होत्या. कामाच्या जागी मनातलं बोललं की मन हलकं होतं आणि कामही चांगलं होतं, असं त्यांनी समजावलं. मला ते पटलं. मग त्यांनी हसरा, रडका, रागीट अशी चेहऱ्यांची चित्रं मांडली आणि आज आपला चेहरा कुठला, त्यावर बोट ठेवायला सांगितलं. सगळ्यांची बोटं हसऱ्या चेहऱ्यावर. मायाक्का मागंच उभी होती ना! ताई खूश होऊन गेल्या.

त्याच आठवड्यात सिद्धेश्वरीनं परात आपटली. ही अक्कलकोटकडची, घरात कानडी बोलणारी, आणि आमच्यात सगळ्यात पातळ भाकरी थापणारी. "साकु," ती म्हणाली. म्हणजे पुरे. "शनवारपासनं मी येनार न्हाय."

का, ते सांगेना. मायाक्कानं नुसतं "बरं" म्हटलं आणि पाठ फिरवली. त्यानंतर मात्र तिनं सगळ्यांना धारेवर धरलं. लाकडं ओली का, पीठ सांडलं कसं, चुलीपाशी अंबुबाई खोकली कशाला. सगळ्या धुसफुसत थापू लागल्या आणि भाकऱ्या जाड व्हायला लागल्या. एका दुकानातून पाकिटं परत आली. मला मायाक्काचा भयंकर राग आला. दोन शब्द विचारायला जीभ झिजते का?

"आक्का, तिला विचारा की," मी म्हणाले.

"जानारीला काय इचारायचं? पाय धरू व्हय तिचं?"

शुक्रवार उजाडला. आता चूल पेटली की पहिली भाकरी बिघडतेच. तवा धड तापलेला नसतो, भाकरी चिकटते, फाटते. आमच्याकडे ती शेळीला जाते. शेळी मायाक्काची, शेडच्या दारातच बांधलेली. माणसांशी बोलत नाही इतकं मायाक्का तिच्याशी बोलते. त्या सकाळी फाटकी भाकरी तिच्यापुढे धरून मायाक्का म्हणाली, "घे, खा. सगळ्यांवर खेकसतीय मी. ती सिद्धेश्वरी जानार म्हनून भ्या वाटतंय मला. झोप न्हाय डोळ्याला."

पुटपुटली आपली. पण आवाज माळरानाचा, सगळ्या शेडनं ऐकलं. थापणारे हात थांबले.

अंबुबाई आमच्यात वयानं मोठी आणि तितकीच खट्याळ. ती आपली भाकरी घेऊन उठली. "शेळे, माझंबी ऐक. पोरीचं लगीन जमंना, त्याचा राग मी पिठावर काढतीय." मागोमाग तिच्या शेजारच्या चुलीवरची मुक्ताबाई आली. "माझं गुडघं लई दुखत्यात. कुनी इचारत न्हाय, तू तरी इचार." सगळ्या खो खो हसल्या. शेळीला कळेना, आज आपल्या नशिबात एवढ्या भाकऱ्या कशा.

सिद्धेश्वरी हसली नाही. ती सगळ्यांत शेवटी उठली. "मला कोपऱ्यात टाकलंय," ती शेळीला म्हणाली. "बाकीच्या एकमेकींची त्वांडं बघत्यात, मी भिताडाचं बघते. माझा हात पसंत नसंल तर तसं सांगावं की."

मायाक्का ताडकन उठली. "कोपऱ्यात टाकलंय? अगं, ती चूल माझी हुती! तितं वारं लागत न्हाय, जाळ सारखा ऱ्हातो. तुझा हात बघितला, आन् मी उठून तुला बसवली."

"मग बोलायचं की, आक्का."

"मला वाटलं, तुला कळलं असंल."

मायाक्कानं सिद्धेश्वरीची परात उचलली आणि आपल्या मधल्या चुलीशी नेऊन ठेवली. "हितं बस उद्यापासनं. यायचं असलं तर. वारं लागंल, भाकरी जाड व्हईल."

"झाली तर बोलशीला का?"

"बोलीन," मायाक्का म्हणाली.

शनिवारी आम्ही सगळ्या कामाचं सोंग करत दाराकडे बघत होतो. मायाक्का कोपऱ्यातल्या जुन्या जागी बसली होती, आमच्याकडे पाठ करून. सिद्धेश्वरी आली. थेट मधल्या चुलीशी बसली, पीठ मळलं, पहिली भाकरी थापली. तव्यावर ती फाटली. ती घेऊन दाराशी गेली आणि म्हणाली, "शेळे, मला हितं बरं वाटतंय. मी जात न्हाय."

मायाक्काची पाठ हलली. तिनं पदर डोळ्याला लावला. मला त्या बाईची इतकी माया आली, की हातातलं पाकीट तसंच राहिलं.

"आक्का," अंबुबाईनं हळूच विचारलं, "धूर गेला व्हय डोळ्यात?"

"धूर न्हाय," मायाक्का म्हणाली. "रडतीय मी. तू तुझ्या तव्याकडं बघ, करपतीय तिकडं."