लिंबाजीची येळवस आणि द्वारकाबाईंचे शेक

लिंबाजीचा आवाज बसला तेव्हा मुरूम गावातल्या त्याच्या घरात नुसता गहजब उडाला होता. आठव्या दिवशी स्वारी सोलापूरच्या दवाखान्यात. घशाचा कॅन्सर निघाला. तेहतीस वेळा किरणांचा उपचार, ज्याला सगळे शेक म्हणतात. द्वारकाबाई दीड महिना धर्मशाळेत राहून नवऱ्याला पेज भरवत होत्या. मार्गशीर्षातली येळवस, म्हणजे सगळ्या गणगोताला रानात जेवू घालायचा दिवस, त्या वर्षी घरानं पाळलीच नाही.

तीन वर्षांनी द्वारकाबाईंचा आवाज बसला. दसऱ्याला बसलेला, दिवाळी आली तरी तसाच. तीन आठवडे आवाज बसला तर तपासून घ्या, ही दवाखान्यातली पाटी त्यांना पाठ होती.

"ओरडून बसलाय. हळद-दूध घे," लिंबाजी म्हणाला. तीन वर्षांपूर्वी ज्याला घोटभर पाणी गिळता येत नव्हतं, तो आता घशाचा जाणकार झाला होता.

द्वारकाबाई एकट्याच एसटीनं गेल्या. तोच आजार निघाला. डॉक्टरांनी लिंबाजीला बोलावून घेतलं.

"मावशी वेळेत आल्या, बऱ्या होतील. बायका बहुधा उशिरा येतात, आणि आल्या तरी घरचे उपचार अर्ध्यात सोडवतात. एकही शेक चुकवू नका."

"सायेब, बाईमाणसाचा गळा बारीक. पंधरा-विसात न्हाय का भागायचं?"

डॉक्टरांनी त्याचाच जुना कागद पुढं केला. "तुम्हाला तेहतीस दिले. यांनाही तेहतीसच."

अकरा शेक झाले आणि लिंबाजी धर्मशाळेत हजर. तब्येत विचारायचं त्याला सुचलं नाही.

"चार दिवस घरी चल. परवा येळवस हाय. चाळीस माणसं सांगितलीत. कडधान्या-पालेभाज्यांची भज्जी, आंबील कोण करनार?"

"सांगताना मला इचारलं?" द्वारकाबाईंचा आवाज कुजबुजीएवढाच होता.

"आजवर कधी इचारलंय?"

"तेच म्हनते मी."

"लोकाला काय सांगू?"

"बायको शेक घ्यायला गेलीय म्हना. तुमच्या येळंला म्या सांगितलंच की."

येळवशीला रानात चाळीस माणसं गुठळ्यांची आंबील प्याली. वहिनी कुठं, असं कुणीतरी विचारलं. "माहेरी," लिंबाजी म्हणाला. बायको शेक घ्यायला गेलीय, एवढं एक सरळ वाक्यही त्याच्या बऱ्या झालेल्या घशातून निघालं नाही.

सोलापुरात द्वारकाबाईंचा तेरावा शेक झाला. उद्याची वेळ विचारून त्या धर्मशाळेकडे निघाल्या.