चालू राहिलेला माग

राज्य पुनर्रचनेच्या आदल्या वर्षी, ऐन उन्हाळ्यात, नागपूरच्या एका कोष्टी वस्तीत धाकट्या भावाने थोरल्याचा लाकडी दांड्याने खून केला. ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही.

खबर शेजाऱ्याने आमच्या पोलीस ठाण्यात दिली. आम्ही पोचलो तेव्हा गल्लीतले माग बंद होते. वस्तीत मयत झाली की माग थांबवायचे, हा तिथला रिवाज. एकच चालू होता, आरोपीचा. प्रेत ओसरीवर आणि तो आत विणत बसलेला. शेजारी म्हणाले, याला काळीजच नाही.

पंचनामा झाला, अटक झाली. त्याच्या बायकोने जबाब दिला की घराच्या वाटणीवरून भांडण झाले आणि रागात हात उठला. पण भिंतीला भिंत लागलेल्या त्या गल्लीत भांडण कोणीच ऐकले नव्हते.

मी आरोपीला विचारले, भाऊ मेल्यावर माग का थांबवला नाही?

"कोन मेलं, साहेब? दादा तं गांधीबागेच्या बाजारात गेला. आला म्हंजे विचारन, कापडाचं थान झालं काय."

"मग ओसरीवर कोण होता?"

"दादाचं धोतर घालून बसला होता कोनी."

असे सोंग घेणारे आरोपी मी पाहिले होते. मात्र शेजाऱ्यांनी सांगितले की आई वारली तेव्हा तेरवी होईपर्यंत त्याने मागाला हात लावला नव्हता. दुसऱ्याकडे मयत झाली, तरी आधी याचाच माग थांबे.

मी त्याच्या बायकोला पुन्हा बोलावून समजावले. भांडणाचा जबाब कायम राहिला तर जन्मठेप, कदाचित फाशीही. आपण काय करतो हे वेडामुळे त्याला कळत नव्हते असे ठरले, तर दंडविधानाच्या कलम ८४ प्रमाणे तो निर्दोष. पण घरी नाही, वेड्यांच्या इस्पितळात.

"तिथून कवा येतीन?"

ते डॉक्टर ठरवतील, असे मी सांगितले.

"जेलात गेले तं वर्षं तरी मोजता येतीन, म्हनून मी तसं बोलली."

"फाशी झाली तर काय मोजशील, बाई?"

तेव्हा ती खरे सांगू लागली. होळीपासून नवरा झोपत नव्हता. भावाकडे बोट दाखवून हा कोण, असे विचारायचा. खऱ्या दादासाठी वेगळे ताट झाकून ठेवायचा. लोक हसतील म्हणून घरात सगळ्यांनी लपवले.

मेलेल्या थोरल्या दिराबद्दल ती म्हणाली, "आमचे भासरे थट्टा करत. म्हनत, दादा नसन मी, पन जेवू तं घाल गा."

सिव्हिल सर्जनने आरोपीला निरीक्षणाखाली ठेवून अहवाल दिला. सत्र न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवून इस्पितळात ठेवण्याचा हुकूम केला. बायकोने इस्पितळाजवळ खोली घेतली.

बदलीवर जाण्याआधी मी तिथे चौकशी केली. डॉक्टर म्हणाले, तो शांत आहे, तिच्याशी नीट बोलतो आणि आपली बायको कधी येणार, असे तिलाच विचारतो.

त्यानंतरच्या भेटीच्या दिवशीही ती आली होती.