नदीपार सात हालीचे सहा कलदार

माझी मोठी आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, कोणत्याही वस्तूचा भाव ऐकला की डोळे मिटून तो हालीत करून बघायची. बाकी सगळं जग तेव्हा एकाच रुपयात व्यवहार करत होतं. १९८०च्या पुढची ती वर्षं. बेल्याजवळच्या आमच्या गावातून पैनगंगेचा काठ दिसायचा आणि काठापलीकडे महाराष्ट्र. निजामाच्या राज्यात आमच्या बाजूला हाली शिक्का चालायचा, पलीकडे इंग्रजांचा कलदार. सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे. हाली बंद होऊन कितीतरी वर्षं लोटली होती, तरी आत्याच्या तोंडात तोच दर होता.

"काऊन वो आत्या, सातचे सहाच काऊन?" मी विचारायची.

"पार गेलं की कमी होते," एवढंच ती सांगायची.

मला ते खरंच वाटायचं. नदी ओलांडताना रुपया पाण्यात गुळासारखा थोडा विरघळत असेल, असं मी धरून चालले होते. दुपारी कापूस वेचून आलेल्या बाया सावलीत पडायच्या, त्यांच्या ओच्यातून पांढरे पुंजके वाऱ्यावर निघायचे आणि नदीकडे जायचे. तेही पलीकडे पोचेपर्यंत लहान होतील, असं मला वाटायचं.

दराची खरी गोष्ट मला वडिलांनी सांगितली, तीही मी कॉलेजात गेल्यावर. आत्या चौदा वर्षांची असताना तिचं लग्न पलीकडच्या गावात ठरलं होतं. हुंड्याची बोलणी सत्तर रुपयांवर झाली. मांडवात वराचे वडील म्हणाले की आम्ही सत्तर कलदार समजलो होतो, वर बारा हाली द्या. माझ्या आजोबांजवळ बारा रुपये होते. पण सत्तर म्हणजे सत्तर, आमच्या मुलखात रुपया म्हणजे हालीच, असं त्यांचं म्हणणं. दोघांपैकी कोणीच हटलं नाही. ऊन कलायच्या आत वऱ्हाडाच्या गाड्या जुंपल्या गेल्या. वडील तेव्हा सहा वर्षांचे होते. त्यांना गाड्यांची धूळ तेवढी आठवत होती. पुढे आत्याला तलमडुगूकडे दिलं. तो माणूस लवकर वारला आणि ती भावाच्या घरी परत आली ती कायमची.

नव्वदनंतर माझ्यासाठी स्थळ आलं. मुलगा पांढरकवड्याकडचा, शाळेत मास्तर. बघायला मुलगा, त्याचे आईवडील, मध्यस्थ आणि मुलाचे आजोबा असे आले. आजोबा उंच होते, पांढरं धोतर नेसलेले. गावात शिरल्यापासून ते बोललेच नव्हते, असं मागाहून कळलं. पाटावर बसवून मला काही विचारणार, तेवढ्यात त्यांनी वडिलांना विचारलं, "तुमाले एक मोठी बहीण होती ना?"

वडिलांनी त्यांचा चेहरा नीट निरखला. मग त्यांना उमगलं. मांडवातून परत गेलेलं ते कुटुंब मधल्या काळात गाव सोडून दुसरीकडे राहायला गेलं होतं, म्हणून कोणालाच संशय आला नव्हता.

आत्या पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. माझं वय, माझं शिक्षण, माझी जरीची साडी, सगळं त्या खोलीतून कुठेतरी निघून गेलं. मी पाटावर बसल्या बसल्या त्या दोघांकडे पाहत होते. उन्हाचा एक पट्टा जमिनीवर पडला होता, त्यात कापसाचे तंतू तरंगत होते.

"मी बाशिंग बांधून गाडीत बसलो होतो," आजोबा म्हणाले. "मले उतराचं होतं. बापानं गाडी हाकलली."

"तुमी उतरले नाई, ते मी पायलं," आत्या म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग तिने तांब्या पुढे केला. "पाणी घ्या."

त्यांनी दोन्ही हातांनी तो घेतला.

मध्यस्थाला यातलं काही समजलं नव्हतं. तो सवयीने देण्याघेण्याचं बोलू लागला. आजोबांनी त्याला हातानेच थांबवलं आणि या घरातून एक रुपयाही घ्यायचा नाही, असं आपल्या मुलाला सांगितलं. मंडळी गेल्यावर वडिलांनी आत्यालाच विचारलं, काय करायचं. ती म्हणाली, "मले काऊन इचारता? पोरीले इचारा."

मी हो म्हटलं. मला मुलगा आवडला होता की ती दुपार, हे आजही नीट सांगता येत नाही. मुलगा पुढे चांगला निघाला, हे माझं नशीब.

लग्नाच्या गर्दीत ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. त्यानंतर त्यांची भेटही झाली नाही. चार-पाच वर्षांनी आजोबा गेले. पण ते होते तोवर मी माहेरी आले की आत्या मला जवळ बसवायची आणि माझ्या नवऱ्याबद्दल दोन शब्दांत विचारून घ्यायची. मग हळूच, मान खाली घालून ज्वारी निवडता निवडता, "म्हातारं काय खाते?" म्हणायची. मी सांगायची, अंबाडीची भाजी आवडते, भाकर कडक लागते, सुनांवर कधी ओरडत नाहीत. ती ऐकायची. पुन्हा विचारायची नाही.

एकदा मी सहज बोलून गेले की संध्याकाळी ओट्यावर बसून ते गुणगुणतात.

तिचा हात सुपात थांबला. "गाते?"

"शब्द नाही कळत. नुसता सूर."

"कसा?"

मला गाता येत नव्हतं, तरी आठवेल तसा मी तो सूर धरला. सुरुवातीला चुकला, मग थोडा जमला. आत्याने भिंतीला डोकं टेकवलं. स्वयंपाकघरातून आईने मला हाक मारली. आत्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मला उठू दिलं नाही.